नवे टायर घालून लालबाग ते श्रीवर्धन, एकटीने

माझा नवरा संजय गेल्यानंतर त्याची बाइक दोन वर्षं आमच्या लालबागच्या बिल्डिंगखाली उभी होती. दीर म्हणाले, विकून टाका. मी हो म्हटलं खरं, पण गणपती झाल्यावर एका सकाळी चावी घेऊन खाली उतरले. श्रीवर्धनजवळच्या गावी सासूबाई एकट्या राहतात. संजयच्या दिवसकार्यानंतर मी तिकडे फिरकले नव्हते. बाइक मला येत होती, पण लांबच्या प्रवासात मी कायम मागेच बसलेली.

मेकॅनिककडून बाइक सुरू करून घेतली आणि आधी दादरला टायर बघितले. जुन्या टायरची नक्षी शाबूत होती, पण रबर कडक होऊन कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. असे टायर वरून कितीही चांगले दिसले तरी त्यांच्यावर लांब जाऊ नका. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. कडक रबराचे टायर पुष्कळ चालतात, पण ओल्या रस्त्यावर घसरतात आणि धक्के देतात. मऊ रबराचे रस्ता घट्ट धरतात, बसायलाही सुखाचे, पण लवकर झिजतात. संजय टिकाऊच घ्यायचा आणि माझी कंबर धरायची. मी मऊ घेतले. घेतल्यावर वाटलं, त्याला विचारायला हवं होतं.

मागच्या चाकात हवा भरताना दुकानदाराने विचारलं, "मागे कोण बसणार?"

"कोणी नाही."

मग त्याने हवा थोडी कमी भरली.

नवे टायर सुरुवातीला निसरडे असतात, म्हणून दोन दिवस परळ, वरळीची बीडीडी चाळ, रे रोड अशी बाइक हळूहळू फिरवून आणली. तिसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून बाइकसकट रो-रो बोटीने मांडवा. तिकीट आधीच काढून ठेवा, शनिवार-रविवारी जागा मिळत नाही. बोटीवर सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मी बाइकजवळच उभी राहिले.

रेवदंडा सोडल्यावर पावसाची सर येऊन गेली होती. काशीदच्या अलीकडे एका वळणावर रस्त्यात म्हैस आडवी. दोन्ही ब्रेक दाबले. चाक जरासं सरकलं आणि रस्ता धरून थांबलं. वाचलो रे, असं म्हणत मी मान वळवली. मागे फक्त दोरीने बांधलेली बॅग होती. कडेला गाडी लावून बराच वेळ बसून राहिले.

आगरदांड्याहून जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, पकडून दिघीला उतरले आणि संध्याकाळी घरी पोचले. सासूबाई दारात आल्या, बाइककडे बघत राहिल्या. कोणाबरोबर आलीस, विचारलं नाही. कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. सकाळी म्हणाल्या, "मला समुद्रापर्यंत ने." एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि माझा खांदा घट्ट धरला. किनाऱ्यावर त्या थोडं रडल्या, मीही.

परतीचा रस्ता तोच, ऊन मात्र कडक. टायरबद्दल विचाराल तर रोज कामाला बाइक नेणाऱ्याने टिकाऊ घ्यावेत. माझ्यासारख्या क्वचित निघणाऱ्या बाईला पकड महत्त्वाची.

घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला, तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस का गं?" सासूबाई होत्या.

हे विचारणारं दोन वर्षांत कोणी नव्हतं. पोचले, आई, म्हटलं. पुढे दोघींनाही काही सुचेना, पण फोन कोणीच ठेवला नाही.