नव्या पिशवीचं गिऱ्हाईक

शांती नगरच्या बाजारात ती जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून विकायची. पुरात प्लास्टिकने गटारं तुंबली, त्यानंतर तिने हा धंदा काढला होता. मी रोज तिथून जायचो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे ती बघत नसे. तिची नजर सारखी त्यांच्या हातांवर फिरायची. हातांत तिच्याच जुन्या पिशव्या दिसत. नव्या मात्र खपत नव्हत्या.

एकदा शेजारचा भाजीवाला म्हणाला, "भाभी, सिलाई थोडी कच्ची मारो. नहीं तो दुकान बंद!"

"आणि फाटली की लोक परत प्लास्टिकच घेणार," ती म्हणाली.

तेवढ्यात एका बाईने बंद तुटलेली पिशवी पुढे केली. "आता नवीनच द्या."

सकाळपासूनचं ते पहिलं गिऱ्हाईक होतं.

"कशाला? ही अजून चालेल," ती म्हणाली. सुईत दोरा मात्र लवकर जाईना.