उत्तर निनादला देऊ द्या

“फर्स्ट एपिसोड सायकोसिस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि हे त्या माझ्याकडे नव्हे, माझ्या मुलाकडे बघून म्हणाल्या. मला पहिला राग त्याचाच आला. एवढी भयंकर बातमी, आणि आईला डावलून?

मग त्यांनी अर्थ सांगितला. सायकोसिस म्हणजे खरं काय आणि भास काय, हे मनाला वेगळं करता न येणं. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले शत्रू दिसतात. हे पहिल्यांदाच झालंय, म्हणून फर्स्ट एपिसोड. “लवकर आलात, हे चांगलं झालं.”

निनाद वीस वर्षांचा. कॅनडात शिकतो. सुटीला सिंगापूरला, बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटवर आला आणि चौथ्या दिवशी एसीच्या जाळीला सेलोटेप लावत बसला. समोरच्या ब्लॉकमधले लोक आपले श्वास मोजतात, असं त्याचं म्हणणं होतं. मी आधी घास खाल्ल्याशिवाय तो ताटाला हात लावेना.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, “गांजा घेतोस?”

“छे हो!” मी म्हणाले. “हा चहासुद्धा घेत नाही!”

इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी कित्येक वर्षं खाष्ट सासू रंगवते. टाळ्या घेते, शिट्ट्याही घेतल्यात. पण हे वाक्य म्हणजे माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम अभिनय होता. कारण त्याच सकाळी निनादच्या बॅगेत मला गांजा कुसकरायची एक धातूची डबी सापडली होती. रिकामी, पण वास सगळं सांगत होता. मी ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमध्ये, थेट तळमजल्याला जाणाऱ्या नळकांड्यात, टाकली. तेरा मजले ती खणखणत खाली गेली आणि मला वाटलं, अख्खा ब्लॉक ऐकतोय.

आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहू देण्याचा, अर्ज नुकताच गेला होता. असा अर्ज गेला की माणूस लिफ्टमध्ये शिंकतानासुद्धा विचार करतो. या देशात तो शब्द तोंडातून काढायचा?

रक्त तपासलं, डोक्याचं स्कॅनिंग झालं. दोन्ही स्वच्छ. गोळ्या सुरू झाल्या, कॉलेजातून वर्षभराची रजा घेतली. दर भेटीला वेटिंग रूममध्ये आम्ही तिघं ओळीत बसायचो. निनाद, मी आणि माझं खोटं.

तिसऱ्या भेटीला डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. मी श्वास घेईपर्यंत निनाद म्हणाला, “हो. कॅनडात. जवळजवळ रोज.”

मी हादरून गेल्याचा अभिनय केला. तोही बरा वठला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “गांजा घेणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. पण ज्याला होऊ शकतो, त्याच्यात तो गांजानं लवकर उफाळतो, आणि घेत राहिलं तर पुन्हा पुन्हा येतो.” मग त्यांनी आम्हाला फरीदाकडे पाठवलं. ती केस मॅनेजर, म्हणजे पेशंटसोबत पुढचे महिने चालणारी व्यक्ती. वय असेल तिशीचं.

तिचा पहिला प्रश्न ऐका. “निनाद, गांजातलं तुला आवडायचं काय?”

आवडायचं? मी उसळलेच. “बाई, तू कोणाच्या बाजूनं आहेस? याला काही आवडत नव्हतं! मित्रांनी बिघडवलं याला!”

“आंटी, ही कॅन टॉक, लाह,” फरीदा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे त्याला बोलता येतं की, आणि तिनं मला बाहेर बसवलं. मला! पोटच्या पोराच्या अपॉइंटमेंटमधून हाकललं! बाहेरच्या निळ्या खुर्चीवर बसून मी मनातल्या मनात तिच्यावर तीन अंकी नाटक लिहिलं.

इकडे पुण्याहून जाऊबाईंचा फोन. “अगं, तिकडे तर फासावर देतात म्हणे. मग सवय आपोआप सुटेल की!”

खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. फरीदाला तसं सुनावलंही. ती शांतपणे म्हणाली, “आंटी, इथे त्याला कायदा थांबवतो. पण कायदा त्याच्याबरोबर विमानात बसत नाही. कॅनडात परतल्यावर त्याला स्वतःच थांबायचंय. आधी ओढायचे दिवस कमी करायचे, मग बंद.”

कमी! या शब्दावर मी आठवडाभर धुमसत होते.

पुढच्या भेटीला निनादनं मला आत बोलावलं. अट एकच: दहा मिनिटं बोलायचं नाही. तो म्हणाला, “आई, ओढला की सगळं शांत व्हायचं. झोप लागायची. मग आवाज सुरू झाला. तो मराठीत बोलायचा. तिथे माझ्याशी मराठी कोणीच बोलत नव्हतं, म्हणून सुरुवातीला मला बरंच वाटलं.”

मी तोंड उघडलं नाही. दहा मिनिटं संपल्यावरही.

चार महिन्यांनी त्याच्या चुलतभावाचं लग्न क्राबीला निघालं. थायलंड! जिथे हिरव्या पानाच्या पाट्या लावून गांजाची दुकानं बसलीत! मी म्हटलं, जायचं नाही. फरीदा आणि निनादनं मात्र बसून ठरवलं, कोणी दिलं तर काय म्हणायचं, कोणासोबत बाहेर पडायचं, जीव कासावीस झाला तर कोणाला फोन करायचा. त्या यादीत माझं नाव तिसरं होतं. तिसरं!

परत आल्यावर फरीदानं विचारलं, कसं झालं. माझी जीभ वळवळली. मी ती चावली.

“दुकानाच्या दारापर्यंत दोनदा गेलो,” निनाद म्हणाला. “एकदा तुला फोन केला. दुसऱ्यांदा नुसताच परत आलो.”

“व्हेरी गुड,” फरीदा म्हणाली.

दोनदा गेला, आणि व्हेरी गुड? मग ती माझ्याकडे वळली. “आणि आंटी, तुम्ही कशा आहात?”

एवढ्या महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

“ती ठीक आहे,” निनाद पटकन म्हणाला. “फक्त रोज माझी बॅग तपासते, आणि...”

“बॉय,” फरीदानं त्याला थांबवलं. “आंटी कॅन टॉक, लाह.”

तो हसला. आजारानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं.

तुमच्या घरी ही वेळ आली तर माझ्याइतक्या टाळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, तर उत्तर मुलाला देऊ द्या. तुम्हाला विचारलं, तर खरं सांगा.

मी घसा खाकरला. एकही संवाद आठवेना. मग मी त्या डबीपासून सुरुवात केली, जी तेरा मजले खणखणत गेली होती.