काकांच्या गाठीची कड

शस्त्रक्रिया म्हणजे विज्ञानाने रोगावर मिळवलेला अंतिम विजय. निदान यवतमाळच्या त्या खासगी दवाखान्यात तरी तसं मानत. तिथले सर्जन विलायतेहून शिकून आले होते, आणि रोग्याला तपासताना तोंड नातेवाइकांकडे ठेवत.

माझे मोठे काका राळेगावचे, निवृत्त नायब तहसीलदार. लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. काकांच्या ग्रंथीत कॅन्सर निघाला, म्हणून सर्जननी ती अख्खी काढून टाकली. एखाद्या लाचखाऊ तलाठ्याची बदली केल्याच्या थाटात काका ही हकिकत भेटायला येणाऱ्यांना सांगत.

काम मात्र अर्धंच झालं होतं. काढलेली गाठ नागपूरच्या प्रयोगशाळेत जायची होती. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तिची कड बघणार. कॅन्सर आतच असेल तर ठीक. कडेला टेकला असेल तर थोडा पोटात राहिला, आणि तो पुन्हा वाढणार. मग लगेच गोळ्या सुरू करायच्या. त्या गोळ्यांनी पुरुषाची छाती बाईसारखी भरते, हे ऐकल्यापासून काकांचा हात मिशीवरून हलत नव्हता.

गाठ न्यायला काकांचा मुलगा तयार होता. पण वणीहून जावई आले होते, आणि आमच्याकडे जावई हजर असताना मानाचं काम मुलाला मिळत नाही. औषधात बुडवलेल्या गाठीची बरणी घेऊन जावई एसटीत बसले. बरणीचं तोंड रुंद, झाकण सैल. औषधाच्या वाफेने पुढच्या बाकावरच्या बायांचे डोळे वाहू लागले, तेव्हा कंडक्टरने जावयांना खाली उतरवलं. जावई डोकेबाज. स्टँडजवळच्या अत्तरवाल्याकडून त्यांनी घट्ट बुचाची बाटली मिळवली. गाठ बाटलीत जाईना. मग दाढीच्या पात्याने त्यांनी ती कैरीसारखी चहूबाजूंनी तासली, आणि पुढच्या गाडीने नागपूर गाठलं.

प्रयोगशाळेने कळवलं की कॅन्सर आहे, पण नमुन्याची बाहेरची कड आधीच कापलेली असल्याने तिच्याबद्दल मत देता येत नाही.

सर्जननी खाटेशी उभं राहून विचारलं, कड कोणी कापली? जावयांनी लपवलं नाही.

"जराशी तासली म्या, डॉक्टरसाहेब. बाटलीत जाऊनच नव्हती राह्यली. आतला माल जसाच्या तसा नेला."

काकूंनी घाईने उशी सारखी केली. मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. जावयाला बोलायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. राहिले सर्जन. कडेचं काही सांगता येत नाही, तेव्हा गोळ्या घेतलेल्या बऱ्या, एवढं ते म्हणू शकले असते. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांनी विलायतेहून आणलं नव्हतं.

"कड स्वच्छच आहे," ते आम्हा सगळ्यांना म्हणाले. "मी कापलंय, मला ठाऊक."

गोळ्या रद्द झाल्या. काकांनी पेढे वाटायला लावले. पहिला पेढा जावयांना.

दोन वर्षांनी काकांची कंबर दुखू लागली. आधी गादी बदलली, मग तेल, मग वैद्य. शेवटी फोटो काढला तर हाडांत डाग. कॅन्सर परतला होता. सर्जननी याला रोगाचा कृतघ्नपणा म्हटलं आणि गोळ्या लिहून दिल्या. छाती भरली, कंबर होती तशीच राहिली.

उन्हाळ्यात जावई भेटायला आले. काकांनी त्यांना जवळ बसवून घेतलं.

"जावईबापू, एक सांगा मले. तवा ते नागपूरले नीट नेलं होतं नं तुम्ही?"

"एकदम नीट, मामाजी. एक थेंब सांडू देला नाही."

काकांचं समाधान झालं. थेंब सांडला नव्हता, हे खरंच होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी काका गेले.