पाहुणे आले की कपाटात जाणारा फोटो

जूनच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून सिंगापूरहून जपानला गेलो. मी, बायको, लेक आणि बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारा पुण्याचा एक मित्र आणि त्याची बायको. नागासाकीच्या बाजूला जुनी ख्रिस्ती गावं आहेत. एके काळी तिथे या धर्मावर बंदी होती, सापडलं की जीव जायचा. म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चोरून प्रार्थना केली. घरात बाळ घेतलेली बौद्ध देवी ठेवायची आणि मनात तिला मेरी म्हणायचं. तसली मूर्ती बघून मित्राची बायको चक्क रडली. "किती घुसमट झाली असेल गं बाई या लोकांची!" आणि लगेच डोळे पुसून मूर्तीसमोर सेल्फी. मला शिसारी आली. तिची कमी, माझी स्वतःची जास्त.

कारण आमच्या आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये बुद्ध आहे. बुद्धाबद्दल कुणी काही विचारत नाही, शोभेला तो सगळ्यांकडेच असतो. त्याच्या शेजारी निळ्या कोटातला, चष्मा घातलेला फोटो. मराठी पाहुणे यायचे असले की तो फोटो बेडरूमच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे जातो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे कुणाला अंदाज लागत नाही. सिंगापूरला नवीन आलो तेव्हा चौघे मराठी एका फ्लॅटमध्ये राहायचो. माझ्या बॅगेत तो फोटो दिसला आणि दुसऱ्या दिवशी एकाने आपलं ताट-वाटी वेगळी काढून ठेवली. शिकला-सवरलेला इंजिनिअर! थू! तेव्हापासूनची ही माझी सवय. बायको चिडते, "पोरीसमोर तरी ही नाटकं नकोत." भीती मलाही तीच होती, हे सगळं लेकीच्या अंगात शिरेल म्हणून.

परतल्यावर एका रविवारी ते दोघं आमच्याकडे जेवायला आले. टीव्हीवर ट्रिपचे फोटो लावले होते. ती मूर्ती आली तसा मित्र मटणाचं हाड चोखत म्हणाला, "आपल्याकडे बघ, असं लपायची वेळ कधी कुणावर आली नाही." आणि त्याच दमात ऑफिसात नव्याने आलेल्या मराठी बाईंचा विषय. "आडनावावरून कळेना रे. मग गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं, शेवटी काढलंच बाहेर. त्यांच्यातली निघाली!"

आणि मी काय केलं? मी हसलो. खी खी करून, लाचारासारखा.

लेक उठली. बारा वर्षांची आहे. आत गेली, कपाटातून फोटो घेऊन आली आणि बुद्धाशेजारी त्याच्या जागेवर ठेवला. मित्राने हाड ताटात टाकलं.

"अरे, हे... शाळेचा प्रोजेक्ट वगैरे आहे का?"

नाही, हे आमचे आहेत. एवढंच तर म्हणायचं होतं. मी रश्श्याचं पातेलं जवळ ओढलं. बायको ताटाकडे बघत बसली. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती, बराच वेळ. मग तीच वळली.

"येस अंकल, स्कूल प्रोजेक्ट," ती म्हणाली, फोटो उचलला आणि आत घेऊन गेली.

"छान विषय घेतलाय," मित्र म्हणाला. मी त्याला आणखी रस्सा वाढला.