तळ्यातल्या किल्ल्याची पायरी

चोपड्याजवळच्या आमच्या गावच्या तळ्यात मधोमध बाभळींनी झाकलेलं एक टेकाड आहे. लहानपणी आम्ही म्हशींच्या पाठीवर बसून तिथे जायचो. यंदा उत्खननाला आलेली मंडळी म्हणाली, "हा मध्ययुगातला किल्ला आहे." गावातलं कुणी ते खरं मानलं नाही.

एका सकाळी मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, होडीने तिकडे गेलो. खणलेल्या चरात एक संशोधक बाई कुंच्याने माती झाडत होत्या. बघता बघता काळ्या दगडाची पायरी उघडी पडली, तिच्याखाली दुसरी. पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या आणि प्रत्येक पायरी मधोमध झिजून खोलगट झाली होती.

"कितीतरी पिढ्या इथून पाण्याला उतरल्या असतील," बाई म्हणाल्या.

अक्का माझ्याकडे वळली. "हाई बठ्ठं आपला पायखाले व्हतं?"

मी मान डोलावली; एवढं सगळं खरंच आमच्या पायाखाली होतं. तिने बाईंना विचारून चपला काढल्या आणि त्या खोलगट जागेत पाऊल ठेवलं. ते अगदी बरोबर बसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीही चपला काढल्या. दगड ओला आणि गार होता.