अंड्यांची पिशवी आणि रविवारची फवारणी

बुधवारी सकाळी साडेसहाला मी नेहमीप्रमाणे कोळ्यांचे पाच डबे तपासत होते. ओला कापूस, उरलेलं खाणं, झाकणाची जाळी. पाचव्या डब्यापाशी थांबले.

या डब्यातली मादी मला महिन्याभरापूर्वी गॅलरीत कूलरच्या मागे सापडली होती. तळहाताएवढी. हे कोळी जाळं विणत नाहीत, भिंतीवर धावून शिकार करतात. दहा दिवस तिने काही खाल्लं नव्हतं. मी वहीत ‘कात टाकणार’ असं लिहून मोकळी झाले होते. चुकलं होतं. ती डब्यातल्या झाडाच्या सालीच्या आडोशाला पाय आवळून बसली होती आणि पोटाखाली पेढ्याएवढी, चपटी, पांढरी पिशवी घट्ट धरून होती. आत अंडी.

सहा वर्षं कोळी पाळतेय, पण अंडी कधी पाहिली नव्हती. वाचून एवढं ठाऊक होतं की पिल्लं बाहेर येईपर्यंत आई काही खात नाही आणि डबा हलला, धक्का बसला, की कधी पिशवी टाकून देते, कधी स्वतःच खाऊन टाकते. म्हणजे डबा हलवायचा नाही.

आणि रविवारी पेस्ट कंट्रोल होतं. सगळ्या इमारतीचं. सोसायटीची सचिव मी, तारीख मी ठरवलेली, खालच्या फळ्यावरची नोटीस माझ्याच अक्षरात: कोणत्याही घराला सूट मिळणार नाही.

दरवर्षी फवारणीच्या आदल्या दिवशी मी डबे कामठीला बहिणीकडे नेते. चार डबे यंदाही गेले असते. पाचवा नाही. रस्त्यावरचे खड्डे एक वेळ टाळता येतील, पण बहिणीच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. तिच्या फडताळातल्या वाट्या दिवसभर किणकिणतात.

नवऱ्याने चहा पिता पिता सोपा मार्ग सांगितला. “फवारणीवाल्याले दारातून वापस पाठवून दे. सेक्रेटरीच्या घरी कोण तपासाले येऊन राहिलं?”

खोटं कशाला सांगू, मोह झाला. पण नुसतं आमचं घर वगळून भागत नव्हतं. डबे ठेवलेल्या खोलीची भिंत शेजारच्या काकांच्या हॉलला लागून आहे आणि दोन्ही घरांच्या झरोक्यांना हवेची डक्ट एकच. त्यांच्या हॉलमध्ये फवारा मारला तर तो इकडे येणारच. म्हणजे त्यांना विचारणं भाग होतं.

याच काकांनी मागच्या वर्षी माझ्याकडे सूट मागितली होती. फक्त हॉलपुरती, माशांच्या टाकीसाठी. एक घर सोडलं की झुरळं तिथून सगळीकडे परततात, असं मी त्यांना ऐकवलं होतं. टाकीवर ओली चादर टाका, हवेचा पंप बंद ठेवा, हेही सांगितलं. त्यांनी सांगितलं तसं केलं. संध्याकाळपर्यंत चार मासे उलटे तरंगत होते. काका माझ्याशी भांडले नाहीत. त्यानंतर जिन्यात भेटले की ‘नमस्ते’ म्हणायचे आणि पुढे जायचे, एवढंच.

गुरुवारी मुद्द्यांचा कागद घेऊन त्यांच्या दारात गेले.

“या सेक्रेटरी मॅडम. माह्या घरी झुरळ दिसलं का कोणाले?”

मी सगळं सांगितलं. माशांच्या खाण्याची डबी हातात धरून त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमच्या कोळ्याले सूट पाहिजे.”

“हो.”

“मंग माह्या माशांले काहून नव्हती?”

उत्तर कागदावर तिसऱ्या क्रमांकाला होतं. झुरळं, पन्नास घरं, एकच नियम. मी कागदाची घडी केली.

“चूक माझी होती काका. माझे डबे उचलून नेता येत होते, तुमची टाकी नाही. मी तेवढा विचारच केला नाही.”

त्यांनी डबीचं झाकण लावलं. “मले नोका सांगू. जिथं ते लिहिलं होतं, तिथं लिहा.”

शुक्रवारी सकाळी फळा पुसला आणि लिहिलं. मागच्या वर्षी सूट नाकारली ही सचिवांची चूक होती. यंदा ज्यांना अडचण आहे त्यांनी खोलीचं नाव कळवावं, तिथे फवारा मारला जाणार नाही, त्या घरी फक्त स्वयंपाकघरात झुरळांचं जेल लावलं जाईल. खाली सही. लिहीत असतानाच मागून कोणीतरी म्हणालं, आता झुरळांनाही सूट देऊन टाका. दुपारपर्यंत तीन घरांनी नावं दिली. त्यातल्या एका घरात दम्याच्या आजी होत्या. त्यांनी मला आधी कधीच काही सांगितलं नव्हतं. काकांचं नाव मात्र आलं नाही. शनिवारी चार डबे कामठीला पोचवून परतले, तेव्हा फळ्यावर सर्वांत खाली त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: हॉल.

रविवारी दहाला फवारणीवाले आले. खिडकीच्या फटींना मी चिकटपट्टी लावली, दाराखाली ओला टॉवेल कोंबला, पंखा बंद केला आणि डब्यासमोर स्टूलवर बसले. पाठीवरून घाम ओघळत होता. अकराच्या सुमाराला तरीही वास आला, बारीक, रॉकेलसारखा. खालच्या मजल्यावरून डक्टमधून चढत होता. मादीने पुढचे दोन पाय उचलले. मग पकड सैल झाली आणि पिशवीची एक कड खाली घसरली.

हात लावता येत नव्हता. मी बघत राहिले.

भिंतीवर थाप पडली. काकांचा आवाज आला. “मी डक्टले ओलं पोतं लावलं इकडून, टाकीचा पंपही बंद केला. तुम्हीही लावा लवकर.”

पोतं नव्हतं. पलंगावरची चादर ओढली, बादलीत बुडवली आणि झरोक्यात दाबून बसवली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. वास हळूहळू कमी झाला की माझं नाक मेलं, कळायला मार्ग नव्हता. बारा वाजले, एक वाजला. नवऱ्याने दाराबाहेरून जेवायला हाक मारली, मी स्टूलवरून उठले नाही. मादी साल सोडून कोपऱ्यात सरकली होती आणि तिच्या पोटाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. डबा वळवण्याची हिंमत नव्हती.

पाचला उन्हाची तिरीप बाजूने आत आली. मी जमिनीवर आडवी झाले आणि डब्याच्या बुडाशी डोळा लावला.

भिंतीवर पुन्हा थाप पडली. “आहे का?”

“आहे,” मी म्हटलं. “दोन्ही बाजूंनी धरून आहे.”

पलीकडे खुर्ची सरकली आणि टाकीचा पंप पुन्हा सुरू झाला.