सोपानमामांनी बांधलेलं शेवटचं इंजिन

सोपानमामा गेले, तवा मी जिंतूरच्या चहाच्या टपरीवर त्यांचाच आवाज काढायलो होतो. "भाच्या, गाडी हाय ती, म्हैस न्हाई. लाथा कामून घालायलास?" पोरं हसून आडवी झाली आन् खिशात फोन वाजला. मामीचा. "नाम्या, हे उठंनात रे..." माझ्या गळ्यात अजून मामांचाच घोगरा सूर होता. मी त्याच सुरात "आं?" म्हणलो. तिकडं मामी एकदम गप झाली. सहा आठवडे झाले, त्या गप्पपणाचं काय करावं मला समजंना.

सोपानमामा म्हंजे माझ्या आईचा मोठा भाऊ. आमची सगळी भावकी मेंढरामागं, हा एकटाच इंजिनामागं लागला. बोरीला घराच्या अंगणातच गॅरेज. एका अंगाला मेंढरं, दुसऱ्या अंगाला गाड्या. मी ल्हानपणापासून नकलाकार. हेडमास्तर, तलाठी, एसटी, कोकरू, काय म्हणाल ते. सगळे म्हणायचे, पोरगं वाया गेलं. मामांनी मात्र माझ्या तोंडाला काम दिलं. मी जुनी डर्ट बाइक घेतली तवा बापानं कपाळाला हात लावला, "मेंढरामागं हे काय भुताडं आणलंस?" पण काळ्या रानातून, बांधावरनं, मेंढरांच्या वाड्यावर भाकरी-पाणी न्यायला दुसरी गाडी पोचतच न्हाई. रानात बंद पडली की मी मामांना फोन लावायचो आन् तोंडानं गाडी वाजवून दाखवायचो. मामा तिकडून डॉक्टरासारखे विचारायचे, "खोकून थांबती का थांबून खोकती? परत कर." मी परत करायचो. "हां... प्लग काढ, पूस, बसव." गाडी चालू! एकदा गंमत म्हणून मी मधीच मेंढीचा खोकला घुसडला. मामा म्हणले, "ही गाडी न्हाई, तुज्या बापाची मेंढी हाय. तिला दवाखान्यात ने."

उन्हाळ्यात गाडी लय धूर सोडायली, म्हणून मामांनी इंजिनच खोललं. नवा पिस्टन, नव्या रिंगा. वरीसभर त्यांचा हात थरथरायचा. रिंग बसवताना मी बघायलो, ते त्यांनी बघितलं. "हात हालायलाय, डोकं न्हाई," म्हणले. दिवस मावळंपर्यंत इंजिन बांधून चौकटीत बसवलं, निस्ता कार्बोरेटर लावायचा ऱ्हायला. "सकाळी जिंतूरहून ऑइल घेऊन ये, मग लावू. घाई करू नको." त्याच सकाळी मी ऑइल घ्यायला जिंतूरला गेलो होतो, आन् चहाला थांबलो होतो...

तेराव्यानंतर मला दम निघंना. कार्बोरेटर मीच लावला, ऑइल ओतलं, किक मारली. काईच न्हाई. दहा मारल्या, पन्नास मारल्या, पोटरीला गोळा आला. प्लग काढून बघितला, ठिणगी चांगली निळी. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय. पण प्लग कोरडा ठणठणीत. प्लगच्या भोकातून चार थेंब पेट्रोल सोडलं की एकदा 'फट्' म्हणायची आन् मुकी. जिंतूरहून एक मिस्त्री बोलावला. त्यानं हातानंच किक दाबून बघितली. "लय हलकी लागायली. दाबच न्हाई. म्हाताऱ्यानं रिंगा चुकीच्या टाकल्या. हात चालत नव्हता ना त्यांचा? परत खोलावं लागतंय." मामी दारात उभी होती. आत गेली, आन् भांडे घासायचा आवाज लय मोठा यायला लागला.

माझी झोप गेली. गाडीचं एवढं न्हाई, बापाला भाकरी मी पायी पोचवत होतो. पण इंजिन परत खोललं म्हंजे गावात एकच बोलणं ऱ्हायलं असतं, सोपान मिस्त्रीचं शेवटचं काम बिघडलं. आन् मामीला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. खरं सांगू? मलाबी वाटायलं होतं, बिघडलंच आसंल. थरथरता हात मी सोता बघितला होता. दिवसातून चारदा अंगणात जायचो, दोन किका मारायचो, यायचो. बसवत नव्हतं, जेववत नव्हतं. नकला तर बंदच.

एके दिवशी दुपारी मामी शेळीला पाला टाकायली होती. वर न बघता म्हणली, "त्यांना सांगायचास तसं मला सांग. काय म्हणती गाडी?"

"मामी, तुला काय कळतंय त्यातलं?"

"तीस वर्सं भिंतीआडून ऐकलंय की रे. कर."

मी केली. किकचा 'खट्ट', मग 'फुस्स'. परत, 'खट्ट, फुस्स'. मामी म्हणली, "आता आधी कशी वाजायची, ती कर." मी जुन्या किकचा आवाज काढला आन् तोंड उघडं तसंच ऱ्हायलं. जुन्या किकला मी आधी दम आत ओढायचो, 'हुप्प', मग बाहेर सोडायचो. आता निस्ता बाहेरच सोडायलो होतो.

मामी म्हणली, "ती दम घेती कुठं?"

मी धावलो. कार्बोरेटर सोडला, इंजिनाच्या तोंडात बोट घातलं. आत मऊ लागलं. ओढलं, तर धोतराच्या चिंधीचा बोळा! आमच्या अंगणात लोकर उडती. ती आत जाऊ नये म्हणून मामा उघड्या इंजिनाच्या तोंडात असा बोळा खोल कोंबायचे आन् कार्बोरेटर लावताना काढायचे. मला ठाऊक नव्हतं असं न्हाई. कितींदा तो मीच काढलेला. ह्या वेळी घाईत बघितलंच न्हाई, वरून कार्बोरेटर बसवून तोंडच बंद करून टाकलं. हवाच जाईना, तर पेट्रोल कसं जाईल, दाब कुठून येईल...

कार्बोरेटर लावला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. अशी बोलायली की शेळी दावं तोडायला लागली. रिंगा बरोबर होत्या, हात बरोबर होता. चुकलो होतो मी, आन् मामांचं नाव घालवायला निघालो होतो. त्या मिस्त्रीला तिथूनच फोन लावून हे सांगितलं. टपरीवरबी सांगितलं, माझ्याच आवाजात. पोरं हसली न्हाईत.

पण त्या दुपारी गाडी बंद करायची माझी हिंमतच होईना. हात बटनावर ठेवायचो, काढायचो. इंजिन तापायलं होतं. मामी जवळ आली, म्हणली, "बंद कर. त्यांनी बांधलीय, परत चालू हुईल."

मी बंद केली. अंगण लयच शांत झालं. मामी पदरानं टाकी पुसायली होती, आन् मी पाच मोजायच्या आत परत किक मारली.